चुंबकाच्या पाठातून मेंदूसदृश संगणनाकडे

चुंबकीय अतिपातळ थरांचा विद्युतरोध चुंबकीय क्षेत्राने मोठ्या प्रमाणात बदलतो, हे १९८८ मध्ये आल्बेर फेर व पेटर ग्रुनबर्ग यांनी स्वतंत्रपणे दाखविले. २००७ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. फेर यांच्या विद्यार्थिनी ज्यूली ग्रोलिए पुढे मेंदूसदृश संगणनाकडे वळल्या. कारण मेंदूला सुमारे २० वॅट पुरतात, संगणकाला कितीतरी अधिक वीज लागते. २०१७ मध्ये त्यांच्या गटाने एकाच चुंबकीय नॅनो-दोलकाकडून ४०० चेतापेशींचे काम आळीपाळीने करून घेतले. उच्चारलेले अंक ९९.६ टक्के अचूक ओळखले गेले.

पांढुर्णा-सौंसरच्या वर्गांत चुंबकत्व शिकविताना अध्यापकांनी हा इतिहास अवश्य सांगावा. गुरूचे उत्तर शिष्येच्या हाती नवा प्रश्न झाले, हेच त्याचे सार होय.