सेट-टॉप बॉक्स व संगणक यांतील फाइल शेअरिंग : दोषनिवारण

संगणकाच्या डिस्कवरील चित्रपट, लग्नाची शूटिंग, गाणी किंवा छायाचित्रे घरातल्याच नेटवर्कवरून टीव्हीला जोडलेल्या सेट-टॉप बॉक्सवर उघडता येतात. ही सोय बंद पडली की दोष नेमका कुठे आहे हे शोधून तो दूर करण्याच्या पद्धतीचा विचार या नोंदीत केला आहे. फायली घरातल्या राउटरमधूनच जातात, त्यामुळे या कामाला इंटरनेट लागत नाही. बाहेरची लाइन तुटलेली असतानाही हे शेअरिंग चालायला हवे. चालत नसेल तर इंटरनेट कंपनीकडे तक्रार करून उपयोग नाही.

आधी बॉक्स कोणता आहे ते पाहावे. महाराष्ट्रातील केबल वितरण चार टप्प्यांत डिजिटल झाले. मुंबई पहिल्या टप्प्यात २०१२ मध्ये, तर नागपूर व पुणे २०१३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात आले. भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातील कोंढा, अड्याळ यांसारख्या गावांचा समावेश चौथ्या टप्प्यात होता आणि त्याची अंतिम मुदत ३१ मार्च २०१७ ही होती. त्या काळात घरोघरी बसलेले केबलचे साधे बॉक्स आणि छत्रीवर चालणारे डीडी फ्री डिशचे बहुतेक बॉक्स फक्त वाहिन्या दाखवतात. मागे यूएसबीचे तोंड असले तरी नेटवर्कची सोय नसते. अशा बॉक्सवर संगणक शोधत बसणे व्यर्थ आहे. अँड्रॉइडवर चालणारे बॉक्स आणि लिनक्सवर चालणारे काही उपग्रह रिसीव्हर मात्र हे काम करतात. त्यांत व्हीएलसी किंवा कोडी यांसारखा प्लेअर असला की संगणकावरचा फोल्डर टीव्हीच्या पडद्यावर उघडता येतो.

बॉक्स आणि विंडोज संगणक ज्या नियमावलीने बोलतात तिला एसएमबी म्हणतात. ती १९८० च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी तयार केली. पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढवली आणि ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९२ मध्ये सुरू केलेल्या ‘सांबा’ या मुक्त प्रणालीमुळे ती लिनक्सवरही आली. तिची दुसरी आवृत्ती विंडोज व्हिस्टाबरोबर, तर तिसरी विंडोज ८ बरोबर आली. जुन्या बॉक्सना बहुधा पहिलीच आवृत्ती येते. २०१७ च्या ऑक्टोबरमधील सुधारणेपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मध्ये फायली पुरवण्यासाठी ही पहिली आवृत्ती दिलेलीच नसते. म्हणून संगणकात विंडोज नव्याने टाकली की कालपर्यंत चालणारा बॉक्स अचानक ‘जोडणी होत नाही’ असे सांगू लागतो. वायर, राउटर, पासवर्ड सगळे ठीक असते. बिघाड बॉक्स व संगणक यांच्या एसएमबी आवृत्त्या न जुळण्यात असतो.

यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय म्हणजे विंडोजच्या ‘फीचर्स’मध्ये जाऊन एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करणे. हा उपाय करू नये. याच आवृत्तीतील एका भगदाडातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टने त्याची दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण असंख्य संगणकांवर ती बसवलेली नव्हती. जून २०१७ च्या अखेरीस आलेल्या नॉटपेट्यानेही तीच वाट वापरली. त्याचा फटका मर्स्क समूहाला बसला आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या कंटेनर टर्मिनलचे काम ठप्प झाले. घरातला संगणक बंदराइतका मोठा नसतो हे खरे. पण त्यावर सातबाराचे उतारे, मुलांची प्रमाणपत्रे, लग्नाचे एकुलते एक चित्रीकरण असते आणि कुलूपबंद झालेली फाइल सहसा परत मिळत नाही. योग्य मार्ग उलटा आहे : संगणक जुना करण्याऐवजी बॉक्स किंवा त्यातील प्लेअर अद्ययावत करावा. कोडीच्या सेटिंगमध्ये एसएमबीची किमान आणि कमाल आवृत्ती निवडता येते. तिथे किमान दुसरी आणि कमाल तिसरी ठेवावी. लिनक्सच्या रिसीव्हरवर जोडणीच्या ओळीत आवृत्तीचा आकडा लिहिता येतो. जुन्या प्रणालीत तो लिहिला नाही तर पहिलीच आवृत्ती धरली जाते.

दुसरा नेहमीचा अडथळा पासवर्डचा. संगणक उघडताना आपण चार आकडी पिन टाकतो आणि बॉक्सने विचारल्यावर तोच भरतो. पिन त्या एका यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून तो चालत नाही. बॉक्सला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्टचे खाते असेल तर त्याचा ईमेल आणि पासवर्ड द्यावा लागतो. सर्वांत सोपे म्हणजे टीव्हीसाठी संगणकावर एक वेगळे स्थानिक खाते काढावे, त्याला साधे इंग्रजी अक्षरांतले नाव व पासवर्ड द्यावा आणि हव्या त्या फोल्डरवर फक्त वाचण्याची परवानगी द्यावी. परवानगी दोन जागी तपासावी लागते : ‘शेअरिंग’मध्ये आणि ‘सिक्युरिटी’मध्ये. एका जागी ती राहिली तर फोल्डरचे नाव दिसते, पण उघडत नाही. पासवर्डशिवाय ‘गेस्ट’ म्हणून शिरण्याची जुनी सवय विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून मुळातच बंद आहे.

बॉक्सवर संगणकांची यादी रिकामी दिसली म्हणजे जोडणी होणारच नाही, असे नाही. ही यादी बऱ्याचदा एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीच्या आधाराने भरली जात असे. ती आवृत्ती गेल्यावर यादी रिकामी राहते, पण संगणकाचा आयपी पत्ता आणि फोल्डरचे नाव हाताने भरले की तोच फोल्डर उघडतो. हा पत्ता राउटर देतो. वीज गेली आणि आली की राउटर, संगणक, बॉक्स सगळे एकदम सुरू होतात आणि काल १९२.१६८.१.५ असलेला संगणक आज १९२.१६८.१.७ होऊ शकतो. त्यामुळे बॉक्समध्ये साठवलेली जोडणी तुटते. राउटरच्या सेटिंगमध्ये त्या संगणकासाठी एक पत्ता राखून ठेवला की हा त्रास संपतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर संगणकाला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, असे समजावे. राउटर बदलल्यावर विंडोज नव्या नेटवर्कला ‘पब्लिक’ धरते आणि फायरवॉल ४४५ क्रमांकाचे पोर्ट बंद ठेवते. घरच्या नेटवर्कसाठी ते ‘प्रायव्हेट’ करावे. संपूर्ण फायरवॉल बंद करण्याचे काहीच कारण नाही. बॉक्स ‘गेस्ट वाय-फाय’वर जोडलेला असेल तर राउटरच त्याला संगणकापर्यंत पोहोचू देत नाही.

दोष संगणकात आहे की बॉक्समध्ये, हे ठरवायला त्याच वाय-फायवरचा मोबाइल पुरतो. मोबाइलवरील व्हीएलसीमधून तोच पत्ता, तेच खाते वापरून फोल्डर उघडून पाहावा. उघडला तर संगणक निर्दोष, बॉक्सकडे वळावे. नाही उघडला तर बॉक्सला हात लावू नये. या एका चाचणीने निम्मा शोध वाचतो आणि विनाकारण बॉक्स ‘फॅक्टरी रिसेट’ करण्याची पाळी येत नाही. चाचणीपूर्वी संगणक झोपी गेलेला नाही आणि शेअर केलेली बाहेरची हार्ड डिस्क त्याच अक्षराने जोडली गेली आहे, एवढे मात्र पाहून घ्यावे. डिस्कचे अक्षर बदलले की शेअर केलेला मार्गही संपतो.

फोल्डर उघडतो, पण चित्र अडखळते, हा दोष निराळा आहे. अनेक स्वस्त बॉक्सचे वायरचे पोर्ट सेकंदाला १०० मेगाबिटचेच असते आणि ४के चित्रीकरण करणारे काही कॅमेरे तेवढाच वेग एका फाइलसाठी घेतात. अशी मूळ फाइल कोणत्याही सेटिंगने सुरळीत चालणार नाही. शूटिंगवाल्याकडून टीव्हीसाठी कमी बिटरेटची वेगळी प्रत मागून घ्यावी. फायलींची मराठी नावे चौकोनांसारखी दिसत असतील तर फाइल बिघडलेली नसते, बॉक्समध्ये देवनागरी फॉन्ट नसतो.

बॉक्सला एसएमबीची फक्त पहिलीच आवृत्ती येत असेल आणि कंपनीकडून अद्ययावत प्रणाली मिळत नसेल, तर संगणकावर डीएलएनए पद्धतीचा मीडिया सर्व्हर चालवून पाहावा. बरेच जुने बॉक्स त्याच्याशी जुळतात. तेही जमले नाही तर फाइल पेनड्राइव्हवर घेऊन बॉक्सला लावावी. पेनड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर मावत नाही, म्हणून लांब चित्रीकरणाचे आधी भाग पाडून घ्यावेत.