'काली': अफवेतलं अस्त्र, ट्रॉम्ब्याची सावली

7 एप्रिल 2012. सियाचिनजवळ गयारीत हिमकडा कोसळला आणि 140 माणसं गेली, बहुतेक पाकिस्तानी सैनिक. लगेच अफवा उठली, की हे भारताच्या 'काली'नं केलं! तो मेसेज अजून फिरतोय.

काली म्हणजे किलो अँपिअर लिनिअर इंजेक्टर. दादर-परळहून हार्बरच्या बाजूला गेलं की ट्रॉम्बे, तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातलं हे यंत्र. काम सुरू झालं 1989 मध्ये. पुढे आलेल्या काली-5000 ची ताकद बघा: सुमारे दहा लाख व्होल्ट, हजारो अँपिअर, पण फक्त 100 नॅनोसेकंदांच्या आसपास!

एवढ्याशा क्षणाचा उपयोग काय? चंदीगडच्या संरक्षण प्रयोगशाळेत गोळी चिलखत फोडते तेव्हा साध्या कॅमेऱ्याला दिसतो नुसता धूर आणि जाळ. एक्स-रे मात्र त्यातून आरपार जातो. सेकंदाला एक किलोमीटर धावणारी गोळी 100 नॅनोसेकंदांत फक्त 0.1 मिलिमीटर सरकते, म्हणजे फोटोत जणू थबकते. यालाच म्हणतात फ्लॅश रेडिओग्राफी. जर्मनी आणि अमेरिकेत तिची सुरुवात 1938 च्या सुमारास झाली.

आता खरी गोम. ट्यूबलाइटखाली हात धरा, सावली पुसट पडते. मोबाइलच्या टॉर्चसमोर धरा, कडा स्पष्ट दिसतात. प्रकाश जितक्या लहान ठिपक्यातून येतो, तितकी सावली रेखीव. म्हणून इलेक्ट्रॉनचा झोत जड धातूवर अगदी बारीक ठिपक्यात आदळवावा लागतो. पण इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. गंमत अशी, की प्रवाह प्रचंड झाला की त्याचंच चुंबकीय क्षेत्र झोताला आत आवळतं. हा तोल सांभाळणं हीच कसोटी, कारण तापलेल्या धातूतून सुटलेले आयन उलटे झोतात शिरतात आणि ठिपका बिघडवतात.

मग सियाचिनचं काय? एवढ्या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन आपल्या हवेत जेमतेम चार मीटर जातो. लालबागच्या चाळीची गॅलरीसुद्धा तो ओलांडणार नाही!

2015 मध्ये संसदेत प्रश्न आला, तेव्हा संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी माहिती संवेदनशील म्हणून दिली नाही. गुपित राखणं समजू शकतं, पण त्या रिकाम्या जागेत अफवा वाढली. मला त्यात दोन अन्याय दिसतात. बर्फाखाली गेलेल्यांच्या मरणाची फुशारकी झाली, आणि ट्रॉम्ब्याच्या माणसांनी वर्षानुवर्षं घडवलेली ती रेखीव सावली कुणाला दिसलीच नाही.

पुढच्या वेळी तो मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी चार मीटर आठवा.