चौक काढणाऱ्या बाया



दिवाळीच्या प्रदर्शनासाठी कापडी पिशव्यांवर वारली चित्रं काढायची, असं आमच्या गटांनी ठरवलं होतं. एकीने मोबाइलवर नमुना बघून दहा पिशव्या रंगवल्यासुद्धा. दिसायला छान झाल्या होत्या. पण त्यात एका नक्षीदार चौकोनाच्या मधोमध एक बाई उभी होती. ती कोण, हे कुणालाच सांगता येईना. गिऱ्हाइकाने विचारलं तर काय सांगणार? मग ठरलं की ज्यांची चित्रं आहेत, त्यांनाच जाऊन विचारू. जुन्नर तालुक्यातल्या तीन गटांच्या मिळून आम्ही चौदा जणी मुंबईला निघालो.

मुंबईत चित्रकारांचा भाग म्हटलं की लोक काळा घोडा सांगतात. तिथे १९५२ सालापासून जहांगीर कलादालन आहे. ज्या पुतळ्यावरून त्या जागेला नाव पडलं, तो इंग्रज राजाचा घोड्यावरचा पुतळा १९६५ मध्ये तिथून भायखळ्याला नेला, तरी नाव राहिलंच. आमच्यातल्या एकीचा भाचा म्हणाला, "तिकडेच जा, सगळं एका जागी बघायला मिळेल." पण आम्हाला भिंतीवर टांगलेलं चित्र बघायचं नव्हतं, ते काढणाऱ्या बाया बघायच्या होत्या. त्या उपनगरात राहतात, बोरिवलीच्या जंगलात आणि गोरेगावच्या आरेमध्ये. तेव्हा आम्ही बोरिवली धरली.

माळशेज घाटातून एसटीने कल्याण गाठलं. हा रस्ता अलीकडचा. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरचा माल नाणेघाटाने खाली उतरायचा आणि कल्याण, सोपाऱ्याच्या बंदरांकडे जायचा. नाणेघाटातला जकातीचा दगडी रांजण आपल्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिला असेल. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा मोठा शिलालेख आहे. किती यज्ञ केले, किती गाई दान दिल्या, किती नाणी दिली, असा सगळा हिशोब त्यात कोरलेला आहे. राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्तीही होत्या. आज मूर्ती गेल्या, नुसत्या पायांच्या खुणा उरल्या, पण वर कोरलेली नावं अजून वाचता येतात. नागनिकेचं नाव त्यात आहे. ही गोष्ट मनात ठेवा, पुढे लागणार आहे.

कल्याणहून लोकलने घाटकोपरला उतरलो. मेट्रो तिथूनच सुटते. ही मुंबईतली पहिली मेट्रो, २०१४ साली सुरू झाली. मेट्रोत बसायच्या आधी चिरागनगरात एक चक्कर मारून आलो. अण्णाभाऊ साठे याच वस्तीत झोपडीत राहायचे. सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावातून लहानपणी वडिलांबरोबर पायी मुंबईला आलेला मुलगा. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. १९५९ ला 'फकिरा' आली. आजही तिथल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून हंडा घेऊन बाई आली तर आपण भिंतीला टेकायचं. एवढ्या जागेत माणूस कादंबऱ्या कुठे बसून लिहीत असेल, असं एकीने विचारलं. उत्तर आमच्याकडेही नव्हतं. पाचेक मिनिटं थांबलो आणि निघालो.

अंधेरीला मेट्रो सोडून पुन्हा लोकल, मग बोरिवली. राष्ट्रीय उद्यानाचं फाटक स्टेशनपासून लांब नाही. सोमवारी बंद असतं, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा.

आत जंगलाच्या मधोमध कान्हेरीची लेणी आहेत. शंभराहून जास्त आहेत, एकाच डोंगरात. आपल्या लेण्याद्रीची सवय असल्यामुळे आम्हाला दगडातल्या खोल्यांचं नवल वाटलं नाही, पाण्याचं वाटलं. जवळपास प्रत्येक लेण्याला स्वतःचं टाकं आहे. डोंगरावरून येणारं पावसाचं पाणी टाक्यात यावं म्हणून कातळात नाळ्या खोदल्या आहेत. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आमच्या बाया त्या नाळ्यांवरून हात फिरवत बराच वेळ उभ्या होत्या. मोठं चैत्यगृह दोन व्यापारी भावांनी सुरू केलं, सातवाहन राजा यज्ञ सातकर्णी याच्या काळात. बाकीच्या लेण्यांना आणि टाक्यांना लहान-मोठ्या माणसांनी पैसे दिले. सोनार, लोहार, व्यापारी, भिक्षुणी, घरगृहस्थीच्या बायका. कुणी कल्याणचं, कुणी सोपाऱ्याचं, कुणी नाशिकचं. दगडावर ब्राह्मी लिपीत त्यांची नावं आहेत, म्हणून आज कळतं की अमक्याच्या बायकोने टाकं दिलं. मात्र ज्या हातांनी तो कातळ फोडला, त्यांची नावं शोधायला गेलं तर दात्यांसारखी सापडत नाहीत.

आता पाड्याकडे येऊ, खरं काम तिथेच होतं.

वारली पाडे उद्यान होण्याच्या आधीपासून या जंगलात आहेत. शहर त्यांच्याभोवती वाढलं. पाड्यावर उभं राहिलं की एका बाजूला साग आणि बांबू दिसतात, दुसऱ्या बाजूला झाडांच्या डोक्यावरून उंच इमारती. आरेच्या पाड्यांचंही तेच. २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं रात्रीतून तोडली गेली, तेव्हा विरोध करायला जे लोक रस्त्यावर आले त्यात पाड्यांवरच्या बायाही होत्या. ज्या मेट्रोने आम्ही आलो ती ही नव्हे, कारशेड दुसऱ्या मार्गाची होती. तरीही ऐकताना जरा अवघडल्यासारखं झालं.

आम्हाला भेटल्या त्या मावशी साठीच्या पुढच्या असतील. पिशवी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटी-पालटी करून पाहिली आणि म्हणाल्या, "हिला पिशवीवर कशाला उभी केलीत? ही पालघट. लग्नात येते."

मग त्यांनी समजावून सांगितलं. लग्नाच्या वेळी घरातल्या कुडाच्या भिंतीवर शेण-मातीचा, गेरूचा हात फिरवतात आणि त्यावर तांदळाच्या पिठीने चौक काढतात. बांबूच्या काडीचं टोक चावून कुंचल्यासारखं करायचं, तोच ब्रश. चौक काढायचा सवाष्णींनी. त्याच्या मध्ये पालघट देवी, पिकाची आणि लेकराबाळांची देवी. शेजारच्या लहान चौकात घोड्यावरचा पाच शिरांचा देव, पंचशिऱ्या. भोवती झाडं, माणसं, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती गोल नाचणारी मंडळी. लग्न लावणारीही बाईच, तिला धवलेरी म्हणतात. ती गाणी म्हणत विधी करते. देवी आल्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न झालं की चित्राचं काम संपलं. पुढे ते धुराने काळं पडतं, पावसाने जातं, त्यावर पुन्हा शेण फिरतं. खाली नाव कुणी टाकलं नाही, कारण टाकायचं कारणच नव्हतं.

हे नाव कधी आलं? १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारच्या हस्तकला मंडळाने भास्कर कुलकर्णी या चित्रकाराला डहाणू-तलासरीकडे पाठवलं. बायकांनी भिंतीवरचं कागदावर काढावं, म्हणजे ते विकता येईल, चार पैसे मिळतील, असा विचार होता. तिथे त्यांना जिव्या सोमा म्हसे भेटले. लहानपणी आई गेली आणि या मुलाने बोलणंच सोडलं, मातीत रेघोट्या काढून सांगायचा, असं त्यांच्याबद्दल सांगतात. पुरुष असून ते चित्रं काढत, तेही लग्नाची वाट न बघता, रोज. मासे पकडायचं जाळं, वारूळ, शेत, आगगाडी, जे दिसेल ते. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ च्या मे महिन्यात ते गेले. त्यांच्यामुळे वारली चित्र परदेशात पोचलं, आणि पाड्यापाड्यावर तरुण मुलं ब्रश घेऊन बसली.

आमच्यातल्या एकीला राग आला. "बायांचं काम, आणि नाव पुरुषांचं!" आम्हालाही आधी तसंच वाटलं. पण मावशींनी ते तसं धरलं नाही. त्या म्हणाल्या, "त्याने आमचं नेलं नाही. चौक आमच्याकडंच आहे. त्याने दुसरं काढलं." आम्हाला वाटतं, जिव्या म्हसे यांच्याबाबत हे बरोबरच आहे, त्यांनी आयुष्य घातलं. राग करायचा तर कपांवर आणि चादरींवर मशीनने छापणाऱ्यांचा. वारली चित्राला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, म्हणजे हे नाव त्या प्रदेशाचं आणि त्या लोकांचं, असं कायद्याने मानलेलं आहे. तरी बाजारात जाऊन बघा. आणि खरं सांगायचं तर आमच्या दहा पिशव्याही त्याच रांगेतल्या.

लग्नाचा विषय निघाला तशी मावशींनी एक शब्द वापरला, लग्नगडी. त्यांच्या आजोबांचं तसं झालं होतं. आम्हाला शब्द ओळखीचा होता, कारण गोदावरी परुळेकर यांचं 'जेव्हा माणूस जागा होतो' हे १९७० सालचं पुस्तक आमच्या वाचनालयात आहे. ज्या मैत्रिणींना माहीत नाही, त्यांच्यासाठी सांगतो. गरीब वारल्याने लग्नासाठी जमीनदाराकडून थोडे पैसे, धान्य उचलायचं. फेड म्हणून नवरा-बायको दोघांनी त्याच्या घरी, त्याच्या शेतात राबायचं. कर्ज कधी फिटलं, हे ठरवणार जमीनदारच, म्हणून ते फिटायचंच नाही. वेठ वेगळी, म्हणजे फुकटची मजुरी. १९४५ च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी गावात गोदावरीबाई आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेने हजारो आदिवासींची परिषद घेतली. वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही, असं तिथे ठरलं. माणसं गावोगाव जाऊन लग्नगड्यांना जमीनदारांच्या वाड्यांतून सोडवून आणायला लागली. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मेले. पण वेठ आणि लग्नगडी परत आले नाहीत.

म्हणजे भिंतीवर चौक निघत होता, देवी येत होती, धवलेरी गात होती, आणि त्याच रात्रीपासून ते जोडपं दुसऱ्याचं होत होतं. पुस्तकात वाचताना हे आमच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या कुडाच्या भिंतीसमोर बसल्यावर आलं.

निघताना मावशींनी पिशव्यांचं काय करायचं तेही सांगितलं. पालघट काढू नका. भातलावणी काढा, तुमची काढा, तुमच्याकडे लावणी वेगळी करत असतील. गोल, त्रिकोण, रेघ ही काही कुणाची मिरास नाही. आणि खाली "वारली चित्र" असं लिहू नका, ज्या बाईने काढलं तिचं नाव लिहा. दहा पिशव्यांमधल्या तीन आम्ही त्यांना दिल्या, दोन त्यांनी परत केल्या आणि एक भाजीसाठी ठेवून घेतली.

परतीच्या एसटीत माळशेज चढेपर्यंत बहुतेक जणी झोपल्या होत्या. आमच्या एका गटात मुलीच्या लग्नासाठी पन्नास हजारांचा कर्जाचा अर्ज आलेला आहे. अर्ज करणारी ताई सहलीला बरोबर होती. ती जागी होती. घाट संपल्यावर तिने हळूच विचारलं, "आपल्या गटाचं व्याज जास्तीत जास्त किती वर्षं चालतं हो?" तीन वर्षं, असं सांगितलं. तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाली, "मांडव घरचाच घातला तर?" पुढचा हिशोब तिने मोठ्याने केला नाही. तिचा अर्ज येत्या दहा तारखेच्या बैठकीत आहे.