औटकीचा पाढा आणि न्हावा-शेव्याचा सातबारा

प्राथमिक शाळेतला मुलगा दिवसभर काय शिकतो, हा विषय इतिहासाचा मानण्याची आपल्याकडे चाल नाही. लढाया झाल्या, तह झाले, गादीवर कोण बसले नि कोण उतरले, यांतच आमची बखर संपते. परंतु कामगारांच्या चळवळीत ज्यांची हयात गेली, त्या आमच्यासारख्यांचा अनुभव निराळा आहे. कागदावर सही करण्यापूर्वी माणसाला चार ओळी वाचता आल्या की नाही, एक हिशेब मांडता आला की नाही, यावर पुष्कळदा त्याचे घर तरते किंवा बुडते. ही विद्या गावच्या शाळेत मिळते, नाही तर जन्मभर मिळत नाही. म्हणून न्हावा-शेव्याच्या मुलाच्या पाटीवर काय लिहिले गेले, हे आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

घारापुरीच्या समोरचा हा उरण तालुक्याचा किनारा. आज न्हावा-शेवा म्हटले की डोळ्यांपुढे क्रेनी आणि कंटेनर उभे राहतात. पण ते बंदर १९८९ साली सुरू झाले. त्यापूर्वी येथे भात, मीठ आणि मासळी या तीन गोष्टींवर आगरी, कोळी आणि कराडी माणूस जगत होता. समुद्राचे पाणी शेतात शिरू नये म्हणून बांध घालावयाचा, उधाणाने तो फुटला की पुन्हा बांधावयाचा, हा येथला संसार. या संसारात लहान मुलाचे हातही मोजलेले असत. आवणाच्या दिवसांत तो शेतात हवा, उन्हाळ्यात मिठागरावर हवा, आणि थोरल्या मुलीने तर तान्हे भावंड सांभाळावयाचे. पटावर नाव असे, पण हजेरी नसे. आम्ही कारखान्यांतले मस्टर पुष्कळ पाहिले. शाळेचा हजेरीपट ही त्याच मस्टरची मागची बाजू आहे. बापाची मजुरी पुरली, तर मुलाची हजेरी लागते.

जुन्या पंतोजीच्या शाळेला आपण आज हसतो. धूळपाटीवर बोटाने गिरवलेली अक्षरे, बोरूने लिहिलेली मोडी आणि छडी, एवढेच आपल्याला आठवते. पण त्या शाळेत अंकांची उजळणी पक्की होती. तीसपर्यंतचे पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी. मग सवायकी, दिडकी, अडीचकी. आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. दोन औट सात, चार औट चौदा. रुपयाचे आणे सोळा आणि मणाचे शेर चाळीस असलेल्या जगात अपूर्णांक तोंडपाठ असणे ही चैन नव्हती, ती बाजारातली ढाल होती. दोष होता तो एवढाच की ही ढाल थोड्याच घरांत पोचत होती. सावकाराचा आणि मिठागराच्या मालकाचा मुलगा औटकी शिके. मीठ ओढणाऱ्याचा मुलगा अंगठा देई.

इंग्रजी अमलात शाळा वाढल्या, पण पैसा कोणाचा? मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा पट्टी रयतेकडून घेत आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांकडे जाई. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे नेमके हेच मांडले, की पैसा कुणब्याचा आणि विद्या वरच्या वर्गाची. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, आणि त्यात मोडी व बाळबोध वाचन-लेखन, हिशेब आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे, ही त्यांची मागणी. आता त्याच्या आदल्याच वर्षी झालेला कारखान्यांचा कायदा पाहा. १८८१ च्या त्या कायद्याने सात वर्षांखालील मुलास गिरणीत मज्जाव केला आणि सात ते बारा वयाच्या मुलास दिवसाला नऊ तास काम करण्याची मोकळीक ठेवली. ज्या वयाचे मूल फुले शाळेत मागत होते, त्याच वयाचे मूल कायद्याने गिरणीला बहाल केले होते.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. नामदार गोखल्यांनी १९११ साली सक्तीच्या शिक्षणाचे बिल आणले. १९१२ त ते फेटाळले गेले. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात ते करून दाखवले. मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने १९१८ चा कायदा झाला. तो नगरपालिकांपुरता होता, खेडे बाहेरच राहिले. १९२३ आणि १९४७ चे कायदे त्यानंतरचे. घटनेने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलास शिक्षण देण्याचे वचन दिले, आणि ते हक्क म्हणून अमलात आले १ एप्रिल २०१० रोजी. फुल्यांच्या मागणीपासून मोजले तर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ!

दरम्यान आमच्या जिल्ह्यातील माणूस स्वस्थ बसला नव्हता. अलिबागेकडे चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून १९३९ पर्यंत खोतांविरुद्ध संप चालवला. १९३७ साली ‘कृषीवल’ पत्र निघाले. पत्र निघाले, तरी ते घरात वाचून कोण दाखवणार? जेथे बापाला अक्षर येत नाही, तेथे दुसरी-तिसरीतले पोर हेच घरचे कारकून. खोताची पावती त्याने वाचावयाची, तलाठ्याची नोटीस त्यानेच. शाळेचा खरा उपक्रम हा होता, आणि तो कोणत्याही वेळापत्रकात लिहिलेला नव्हता.

मग १ एप्रिल १९५७ हा दिवस उजाडला. त्या एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. कूळकायद्याप्रमाणे कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. आणि देशात दशमान नाणी सुरू होऊन सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. आणे गेले, पुढे मण-शेरही गेले, आणि त्यांच्यामागून शाळेतली पावकी-औटकी हळूहळू गेली. दशमान पद्धतीने मुलांच्या डोक्यावरचा भार हलका केला, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु नव्याने मालक झालेल्या कुळाच्या बोलण्यातला गुंठा काही गेला नाही. चाळीस गुंठ्यांचा एकर आणि तेहतीस फूट चौरसाचा गुंठा आजही चालतो.

हा गुंठा लवकरच कसाला लागला. १९७० साली नवी मुंबईसाठी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागांतील पंचाण्णव गावांच्या जमिनींवर संपादनाची छाया पडली. बंदरासाठी शेवा आणि हनुमान कोळीवाडा ही गावे जागची उठली. भावासाठी आणि पुनर्वसनासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन झाले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई व दास्तान फाटा येथे गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. त्या रक्ताची किंमत म्हणून पुढे १९९० साली संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. बंदराच्या जमिनीसाठी तर तिची वाट कित्येक वर्षे पाहावी लागली.

आता पाटी घ्या. साडेबारा टक्के म्हणजे आठवा हिस्सा. एकराला पाच गुंठे. पण सिडकोच्या योजनेत त्यातूनच पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी कापले जातात. ते दीड गुंठे. पाचातून दीड गेले, राहिले साडेतीन. म्हणजे औट! ज्याचे चार एकर गेले, त्याच्या वाट्याला चार औट चौदा गुंठे. आजोबांच्या काळी जो पाढा मीठ मोजायला लागत होता, तोच नातवाच्या काळी गेलेली जमीन मोजायला लागला. घोषणेत साडेबारा ऐकलेल्या माणसाला हाती पावणेनऊ टक्केच का आले हे कळावे, यासाठी चौथीपर्यंतचे गणित पुरते. आणि हे गणित ज्याला येत नव्हते, तो दलालाच्या कागदावर अंगठा करून मोकळा झाला.

आजची जिल्हा परिषदेची शाळा कालच्यापेक्षा पुष्कळ बरी आहे. परिपाठ होतो, प्रभातफेरी निघते, दुपारी शिजवलेला आहार मिळतो. हे लढून मिळाले आहे, त्याला कोणी कमी लेखू नये. मात्र त्या वर्गातल्या मुलाचा बाप आज कंत्राटी कामगार असतो. त्याच्या पगारपत्रकात बारा टक्के भविष्यनिर्वाह निधीचे कापलेले असतात, आणि ते कोणत्या रकमेवर कापले, हे त्याला विचारता येत नाही. आमच्या कचेरीत असे कागद रोज येतात.

आमची विनंती मोठी नाही. औटकी पुन्हा घोकून घ्या, असे आम्ही म्हणत नाही. टक्केवारी शिकवताना गुरुजींनी उदाहरण गावचे द्यावे. एका वर्गात सातबारा वाचावा, एकदा पगारपत्रक फळ्यावर लिहावे, भरती-ओहोटीचे वेळापत्रक मुलांकडून मांडून घ्यावे. शहरातील आपणां श्रोत्यांची मुलेही त्याच इयत्तांत शिकतात. त्यांच्यासाठी घराच्या कर्जाचे व्याज आहेच. फुल्यांनी १८८२ साली वाचन आणि हिशेब एकत्र मागितले, त्यातले मर्म हेच. वाचता येणाऱ्याला कागद दाखवता येतो. हिशेब येणाऱ्याला तो नाकारताही येतो. न्हावा-शेव्याच्या पुढच्या पिढीला यांपैकी दुसरी गोष्ट आली पाहिजे, आणि ती येण्याची जागा गावची शाळा हीच आहे.