आरशांपुढचा कॅमेरा : घाट आणि क्षमता

मराठी समीक्षेत घाट आणि आशय यांच्या नात्याची चर्चा जुनी आहे. यंत्रांच्या इतिहासातही हा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. खिशात मावणारा डिजिटल कॅमेरा घेताना त्याचे रूप पाहावे की क्षमता, हा प्रश्न त्याच जातीचा होय.

वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे या प्रश्नाची कसोटी पाहण्यास योग्य स्थळ आहे. जगदंबा देवीचे मंदिर आणि संत सेवालाल महाराजांची समाधी यांमुळे ही बंजारा समाजाची काशी मानली जाते. रामनवमीला येथे मोठी यात्रा भरते. फेटिया आणि कांचळीवरचे आरसे चैत्राच्या उन्हात लखलखतात, आणि ओढणीच्या सावलीत चेहरा मात्र काळवंडतो. एवढा प्रखर उजेड आणि एवढी गडद सावली एकाच चौकटीत पकडणे चांगल्या कॅमेऱ्यालाही जड जाते.

मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा कॅमेरा म्हणजे तिकाटणे, काचपट्ट्या आणि रसायने असा संसार होता. त्याच्यापुढे माणसाला निश्चल बसावे लागे. १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा ग्रंथ निघाला. त्यात माणसे जातीजमातींचे नमुने म्हणून मांडलेली आहेत. फिरत्या समूहांकडे संशयाने पाहणारा गुन्हेगार जमाती कायदा १८७१ चा, म्हणजे याच वर्षांतला. यंत्र अवजड होते आणि ते कोणाच्या हाती असावे, हेही ठरलेले होते.

हे यंत्र लहान होत गेले, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर लावावा लागतो. २००२ मध्ये कॅसिओचा एक्सिलिम एस-१ आला. जाडी सुमारे अकरा मिलिमीटर, रूप देखणे. परंतु चित्र जेमतेम सव्वा मेगापिक्सेलचे, आणि झूम नाही. त्याच वर्षी मिनोल्टाच्या डिमाज एक्सने प्रकाशाला लोलकातून काटकोनात वळवून तिप्पट झूम वीस मिलिमीटरच्या चपट्या देहात बसवला. तेथे सडपातळ घाट साधण्यासाठी भिंगांची रचनाच नव्याने करावी लागली. त्या कॅमेऱ्यापुरते तरी रूपाला वरवरचे म्हणता येत नाही.

तथापि घाटाची किंमत चुकवावीच लागते. अशा कॅमेऱ्यांतील संवेदकाचे क्षेत्रफळ बहुधा पंचवीस चौरस मिलिमीटरच्या आसपास असे. पस्तीस मिलिमीटर फिल्मची चौकट ८६४ चौरस मिलिमीटरची. म्हणजे प्रकाश गोळा करणारी जागा सुमारे पस्तिसावा हिस्सा. परिणामी आरसे पांढरे डाग होऊन उरतात आणि सावलीतल्या चेहऱ्यावर दाणे उमटतात. संध्याकाळी फ्लॅश वापरावा, तर तो भिंगाला अगदी लागून असल्यामुळे समोरच्या आरशांवरून उजेड सरळ भिंगात परततो. मेगापिक्सेलचा आकडा वाढवून हा दोष जात नाही. त्यासाठी संवेदक मोठा हवा. तो घेतला की भिंग मोठे होते आणि खिसा पुरत नाही.

मग निवाडा कसा करावा? खोक्यावरील आकडे आणि धातूची झळाळी ही दोन्ही प्रमाणे अपुरी आहेत. चित्रात चेहरा दिसतो का, हे पहिले प्रमाण. तो क्षण आला तेव्हा कॅमेरा जवळ होता का, हे दुसरे. घरी राहिलेल्या उत्तम कॅमेऱ्याची क्षमता शून्यच. आणि लहान, स्वस्त होत गेलेले यंत्र ज्यांचे चित्र काढले जाई त्यांच्याच हाती येऊ शकते. आजीचे छायाचित्र नातीने काढले, तर ती त्यात नमुना राहत नाही. २०१० नंतर हे काम मोबाइलने आपल्याकडे घेतले आणि छोटे कॅमेरे बाजारातून ओसरले. त्यांनी घडवलेली सवय मात्र टिकली.

पोहरादेवीत ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्याच्या वास्तूला नंगाऱ्याचा आकार आहे. घाट तेथेही प्रथम डोळ्यांत भरतो. परंतु समाजाच्या स्मृतीला आधार हवा असतो तो ओळखू येणाऱ्या चेहऱ्यांचा. सव्वा मेगापिक्सेलच्या धूसर चित्रातही आजी ओळखू येत असेल, तर ते चित्र जपावे. ती ओळखू येत नसेल, तर कॅमेऱ्याच्या देखणेपणाचे कौतुक आवरते घ्यावे.