राना टायग्रिना ते हॉप्लोबॅट्रॅकस टायगेरिनस : एका बेडकाची नामांतरे आणि स्थानांतर

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मण्डूकसूक्तात वर्गीकरणाचा अंकुर आढळतो. नाव सर्वांचे एकच. मात्र आवाज आणि रंग यांवरून सूक्तकर्ता बेडकाबेडकांत भेद करतो. युरोपीय शास्त्राचा आरंभ याहून फारसा वेगळा नव्हता. १७५८ साली लिनियसने बेडूक, भेक आणि वृक्षमंडूक या सर्वांना ‘राना’ या एकाच प्रजातीत कोंबले. दहा वर्षांनी लॉरेंटीने त्यांची फारकत केली.

पहिल्या पावसात ज्याचे नर पिवळेधमक होतात आणि निळ्या स्वरपिशव्या फुगवून रात्रभर डरावतात, त्या भारतीय बुलफ्रॉगचे शास्त्रीय वर्णन फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँ याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बंगालमधील नमुन्यावरून केले. ‘राना टायगेरिना’ हे त्याने दिलेले नाव. बूलेंजरच्या १८९० च्या ग्रंथात किंचित निराळ्या वर्णलेखनाने, ‘टायग्रिना’ असे, ते रुळले. वस्तुतः पीटर्सने १८६३ मध्येच ‘हॉप्लोबॅट्रॅकस’ (शस्त्रधारी बेडूक) ही प्रजाती स्थापिली होती; तथापि १९९२ मध्ये द्युब्वा यांनी पुनरुज्जीवित करेपर्यंत ती जवळजवळ विस्मृतीत राहिली. या स्थलांतरात नावाचे लिंगही बदलले, ही बाब भाषाभ्यासकाला रंजक वाटावी : लॅटिन ‘राना’ स्त्रीलिंगी, ग्रीक ‘बॅट्रॅकस’ पुल्लिंगी, म्हणून ‘टायगेरिना’चे ‘टायगेरिनस’ झाले.

नाव बदलत असताना या प्राण्याचे मोल मात्र व्यापाराने ठरविले. त्याच्या मागच्या तंगड्या गोठवून परदेशी पाठविण्याचा धंदा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भरभराटला. शेतातील कीटक खाणारा प्राणी नाहीसा होत आहे, ही चिंता त्यातूनच बळावली. १९८५ मध्ये सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात त्याचा समावेश झाला व १९८७ मध्ये भारताने ही निर्यात बंद केली. मुख्य भूमीवर तो अशा रीतीने संरक्षणास पात्र ठरला.

अंदमानात त्याची ओळख याच्या नेमकी उलट आहे. तेथे तो मूळचा नाही. मत्स्यशेतीसाठी मुख्य भूमीवरून आणलेल्या मत्स्यबीजाबरोबर तो नकळत पोहोचला असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. मोहंती व मीझी यांनी ग्रामस्थांच्या मुलाखतींतून त्याच्या प्रसाराचा मागोवा घेतला. लिखित नोंदी विरळ असता लोकस्मृतीलाच दप्तर मानण्याची ही पद्धत इतिहासाच्या अभ्यासकाला परकी वाटू नये. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तो बेटांमागून बेटे व्यापत गेला, असे या मुलाखतींतून दिसले.

प्रौढ बुलफ्रॉग कीटकांबरोबर लहान पृष्ठवंशी प्राणीही गिळतो. परंतु खरे संकट पाण्यात आहे. त्याचे भैकेर, म्हणजेच बेडूकमासे, मांसाहारी असतात. अंदमानातूनच प्रथम वर्णिलेल्या ‘मायक्रोहायला चक्रपाणी’ व ‘कॅलूला घोषी’ या दोन लहान बेडकांचे भैकेर त्यांच्यासोबत प्रयोगाच्या टाक्यांत ठेवले असता, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्यांतील एकही जगला नाही. हे तिन्ही बेडूक पावसाळी डबक्यांत अंडी घालतात; आश्रयाला दुसरे पाणी जवळ असतेच असे नाही.

‘उपरा’ हे विशेषण येथे जातीला लागू होत नाही, जागेला होते. दोदँच्या वर्णनात किंवा द्युब्वांच्या मांडणीत ते सापडणार नाही. बंगालच्या भातखाचरात आणि अंदमानच्या तळ्यात शास्त्रीय नाव एकच. संवर्धनाच्या यादीत मात्र एकाला वाचवायचे, तर दुसऱ्याला रोखायचे असते.