सात रात्रींचे बिऱ्हाड

गेल्या उन्हाळ्यात योसेमिटीच्या खोऱ्यात तीन दिवस तंबूत राहण्याचा योग आला. धाकटा भाऊ कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. त्याची दोन मुले आणि आमची एक, तिघेही आठ वर्षांच्या आतले. तंबूच्या जागेसाठी भावाने काही महिने आधीच नाव नोंदवून ठेवले होते. प्रत्येक जागेला क्रमांक, गाडी उभी करण्यापुरता फाटा, एक भक्कम मेज, जाळासाठी लोखंडी कडे आणि अस्वलाला उघडता येऊ नये अशी पोलादी पेटी. थालीपिठांच्या डब्यापासून मुलांच्या टूथपेस्टपर्यंत वास येणारी प्रत्येक वस्तू त्या पेटीतच ठेवायची. दुसऱ्या संध्याकाळी खिचडी खाता खाता मुलीने विचारले, ‘‘बाबा, आपण इथेच राहूया का?’’ भावाने हसून नियम सांगितला : उन्हाळ्याच्या हंगामात या खोऱ्यात कोणालाही सातच रात्री मुक्काम करता येतो. त्यावर तिचा पुढचा प्रश्न आला, ‘‘मग इथे राहतं कोण?’’

प्रश्न निरागस होता. उत्तर मात्र तसे नाही.

योसेमिटीच्या खोऱ्यात गोऱ्यांनी केलेल्या पहिल्या नोंदलेल्या मुक्कामाची तारीख २७ मार्च १८५१ ही आहे. तो मुक्काम सहलीचा नव्हता. सोन्याच्या शोधात सिएराच्या पायथ्याशी आलेल्या लोकांचा आणि तिथल्या आदिवासींचा संघर्ष पेटला होता, आणि मूळ रहिवाशांना हुसकून काढण्यासाठी मारिपोसा बटालियन नावाची तुकडी खोऱ्यात शिरली होती. त्या रात्री शेकोटीभोवती बसून या जागेला नाव काय द्यावे, याची चर्चा झाली. तुकडीबरोबरच्या लाफायेट बनेलने ‘योसेमिटी’ हे नाव सुचवले आणि ते मान्य झाले. बनेलच्या समजुतीने त्याचा अर्थ अस्वलाशी निगडित होता. पुढील भाषाभ्यासकांच्या मते तो ‘मारणारे लोक’ असा आहे, आणि शेजारच्या जमातींनी या लोकांना ते नाव दिले होते. हे लोक आपल्या खोऱ्याला ‘अहवानी’ म्हणत. म्हणजे ज्यांना हाकलायचे त्यांचे, तेही शेजाऱ्यांनी ठेवलेले नाव त्यांच्याच भूमीला देण्यात आले. नंतर तुकडीने त्यांच्या झोपड्या आणि ओकच्या फळांचे साठे जाळले. या फळांचे पीठ हे त्यांचे मुख्य अन्न होते. जमातीचा प्रमुख तेनाया पकडला गेला, आणि वरच्या अंगाच्या एका सरोवराला त्याचे नाव ‘सन्मानाने’ देण्यात आले. या सरोवराला आधीच नाव आहे, असे तेनायाने सांगितल्याची नोंद बनेलनेच करून ठेवली आहे. पकडलेल्या लोकांत तेनायाची नात तोतुया होती. तेव्हा ती लहान मुलगी होती.

त्यानंतरचा इतिहास पर्यटकाला अधिक परिचित आहे. १८६४ मध्ये अब्राहम लिंकनच्या सहीने हे खोरे सार्वजनिक उपभोगासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या स्वाधीन झाले. १८९० मध्ये भोवतालचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला आणि १९०६ मध्ये खोरेही पुन्हा केंद्र सरकारकडे आले. कुटुंबवत्सल माणसाला येथे आणण्याचे श्रेय मात्र बरेचसे एका शिक्षक दांपत्याकडे जाते, हे आपल्या व्यवसायबंधूंना वाचून गंमत वाटेल. डेव्हिड आणि जेनी करी यांनी १८९९ मध्ये सात तंबू उभारून दिवसाला दोन डॉलरांत राहण्या-जेवण्याची सोय केली. मोठ्या हॉटेलात उतरणे न परवडणाऱ्या मध्यमवर्गाला अरण्य आवाक्यात आले. १९१३ मध्ये खोऱ्यात मोटारींना परवानगी मिळाली आणि तंबू, भांडी, मुले असा संसार गाडीत घालून लोक येऊ लागले. वाटेल तिथे गाडी घालावी आणि वाटेल तिथे चूल मांडावी, अशी रीत पडली. त्यामुळे अशा मुक्कामाच्या जागी झाडांच्या मुळांवरची माती दबून झाडेच मरू लागली, हे वनस्पतिरोगतज्ज्ञ एमिलिओ माइनेक यांनी दाखवून दिले. १९३२ च्या आपल्या टिपणात त्यांनी एकदिशा वळणरस्ता, गाडीसाठी ठरलेला फाटा, जागेवर पक्के केलेले मेज आणि चूल अशी रचना सुचवली. आमची खिचडी ज्या मेजावर वाढली गेली, ते त्या रचनेचेच वंशज होते. ज्याला आपण निसर्गाच्या कुशीतला मोकळा मुक्काम समजतो, तो असा विचारपूर्वक आखलेला असतो.

हे सारे घडत असताना खोऱ्यातले आदिवासी नाहीसे झाले नव्हते. काही कुटुंबे परतली होती, हॉटेलांत आणि उद्यानाच्या कामावर राबत होती. १९१६ ते १९२९ या काळात ‘इंडियन फील्ड डेज’ नावाचा उत्सव भरवला जाई. त्यात त्यांना दूरच्या मैदानी जमातींचा पोशाख घालून, त्यांच्याच पद्धतीच्या कातडी तंबूंसमोर वावरावे लागे. त्यांची स्वतःची घरे सीडरच्या सालीची असत, पण पर्यटकाच्या मनातला ‘इंडियन’ तसा नव्हता. पुढे त्यांची वस्ती हलवून त्यांना लहान खोल्या बांधून देण्यात आल्या. उद्यानात कायम नोकरी असेल तोवरच राहता येईल, असा नियम १९५० च्या दशकात झाला. १९६९ मध्ये त्या वस्तीतील उरलीसुरली घरेही पाडून-जाळून टाकण्यात आली. त्या कुटुंबांतील अखेरचा कर्मचारी १९९६ मध्ये निवृत्त झाला आणि खोरे सोडून गेला. पाहुण्याला सात रात्रींची मर्यादा होती, तर रहिवाशाला नोकरीच्या मुदतीची.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे एका शब्दाचा प्रवास विचारात घ्यावासा वाटतो. तो शब्द ‘स्वच्छ’. जॉन म्यूर १८६९ च्या उन्हाळ्यात मेंढ्यांच्या कळपाबरोबर या डोंगरांत हिंडला आणि १९११ मध्ये त्या दिवसांवरचे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात घाटात भेटलेले आदिवासी त्याला मळकट वाटतात आणि निर्मळ निसर्गचित्रात त्यांची जागा नाही असे जाणवते. (अलास्कातील प्रवासांनंतर त्याची दृष्टी बरीच बदलली, हेही सांगितले पाहिजे.) १९१६ मध्ये चौदा वर्षांचा अॅन्सेल अॅडम्स आईवडिलांबरोबर याच खोऱ्यात आला आणि करींच्या तंबूत उतरला. तिथे त्याच्या हाती साधा बॉक्स कॅमेरा आला. पुढे जगभर गाजलेल्या त्याच्या छायाचित्रांत कडे आहेत, ढग आहेत, बर्फ आहे. माणूस जवळजवळ नाही. ती निर्जनता आपण निसर्गाचे सत्य म्हणून स्वीकारली. ती एक शैली होती, आणि त्या शैलीमागे १८५१ चा इतिहास होता.

१९२९ मध्ये, अठ्ठ्याहत्तर वर्षांनी, म्हातारी तोतुया खोरे पाहायला आली. झुडपांनी दाटलेली कुरणे पाहून तिने नापसंती दाखवली. खोरे तिला अस्वच्छ वाटले. तिचे लोक दरवर्षी ठरावीक वेळी आग लावून झुडपे काबूत ठेवत. त्यामुळे ओक वाढत आणि कुरणे मोकळी राहत. पर्यटकांनी ज्या रम्य माळांना देवाची बाग म्हटले, ती निदान काही अंशी तिच्या पूर्वजांच्या हातची होती. आपल्या भाषेत बोलायचे तर ते सारवलेले अंगण होते, आणि सारवणारी माणसे गेल्यावर त्यात रान माजले. योसेमिटीत १९७० पासून पुन्हा नियंत्रित आगी लावल्या जाऊ लागल्या. म्यूरला माणसांच्या अभावात स्वच्छता दिसली. तोतुयाला माणसांचा हात फिरणे थांबल्याची घाण दिसली.

ही गोष्ट केवळ त्या दूरदेशीची नाही. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेल्या ताडोबाचे नाव गोंडांच्या तारू या देवावरून आले, आणि त्याचे ठाणे तिथल्या तळ्याकाठी आहे. त्या जंगलातूनही गावे उठली. वाघ वाचला पाहिजे याविषयी वाद नाही, पण जिप्सीत बसून ‘अस्पर्श अरण्य’ असे शब्द लिहिताना आपण कोणाच्या अंगणावरून जात आहोत, याचे भान आपल्या जंगलविषयक ललित लेखनात किती आहे, हे एकदा तपासायला हवे.

२०१८ मध्ये उद्यानाने सदर्न सिएरा मिवक लोकांशी करार केला आणि जुन्या वस्तीच्या जागी ‘वाहोगा’ गाव पुन्हा उभारण्याची वाट मोकळी झाली.

निघायच्या सकाळी आम्ही जागा झाडून काढली. मागे आपली कसलीही खूण उरू नये, असा तिथला संकेत आहे, आणि पाहुण्यासाठी तो योग्यच आहे. मुले कागदाचे कपटेही वेचत होती. घरी परतल्यावर मी वाचले ते मुलीला सोपे करून सांगितले. तोतुया म्हातारपणी परत आली इथपर्यंत ती गप्प राहून ऐकत होती. मग तिने विचारले, ‘‘तिला किती रात्री राहू दिलं?’’